स्वयंसेवी अग्निशामक कंपनी

स्वयंसेवी अग्निशामक कंपनी : गावातील व आसपासच्या परिसरातील आगी विझविण्यासाठी आणि अपघात, पूर, वादळ इ. प्रसंगी मदतीस जाण्यासाठी तेथीलच रहिवाशांनी वेतन न घेता चालविलेली संघटना. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लहान नगरांत ती विशेषत्वाने आढळते. ‘कंपनी’ हा शब्द येथे व्यापारी मंडळी या अर्थाने नव्हे, तर तुकडी किंवा जथा या जुन्या अर्थाने योजिलेला आहे. एक बंब, एक नळगाडी किंवा एक शिडीगाडी आणि ती चालविणारी माणसे मिळून एक कंपनी होई. त्यामुळे हातबंब जाऊन मोटारबंब आल्यानंतरही ‘हुक अँड लॅडर कंपनी’, ‘होज कंपनी क्रमांक १’ अशी नावे अनेक नगरांत टिकून राहिली.

या संस्थेचा विस्तार शहरी वाचकाला सहसा जाणवत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या पाहणीनुसार २०२० मध्ये त्या देशातील सु. १० लक्ष ४१ हजार अग्निशामकांपैकी सु. ६ लक्ष ७७ हजार, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश, स्वयंसेवक होते. त्याच वर्षी एकूण सु. २९ हजार अग्निशामक दलांपैकी पाचांत चार दले पूर्णतः किंवा मुख्यतः स्वयंसेवकांची होती. लोकसंख्येच्या दृष्टीने मात्र त्यांच्या संरक्षणाखाली सु. तीन-दशांश लोकच येत होते. कारण मोठी शहरे पगारी दलांकडे आहेत. लोकसंख्येने थोडा असलेला परंतु क्षेत्रफळाने मोठा असा देशाचा भाग आगीच्या वेळी शेजाऱ्यावर विसंबून असतो, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

इतिहास : नागरिकांनी आग विझविण्यासाठी संघटित व्हावे की नाही, हा प्रश्न रोमन साम्राज्यातही उपस्थित झाला होता. बिथिनिया-पाँटस प्रांताचा राज्यपाल धाकटा प्लिनी याने सु. १११ मध्ये निकोमीडिया नगरातील मोठ्या आगीनंतर सम्राट ट्रेजनला पत्र लिहून दीडशे कारागिरांचे अग्निशामक मंडळ स्थापण्याची परवानगी मागितली. सम्राटाने ती नाकारली. अशा मंडळ्या कोणत्याही नावाने व हेतूने स्थापन झाल्या, तरी लवकरच त्यांचे राजकीय गट बनतात, असे त्याचे मत होते. साधने जवळ ठेवावीत व ती घरमालकांनी वापरावीत, एवढेच त्याने सुचविले. ही भीती अगदीच निराधार नव्हती, असे पुढील काळातील अमेरिकन शहरांचा इतिहास सांगतो.

उत्तर अमेरिकेतील यूरोपीय वसाहतींत घरे लाकडाची, छपरे गवताची आणि धुराडी लाकूड व माती यांची असत. बॉस्टनने १६३१ मध्येच लाकडी धुराडी व गवती छपरे यांवर बंदी घातली. डच अमलाखालील न्यू ॲम्स्टरडॅममध्ये (नंतरचे न्यूयॉर्क) पीटर स्टायव्हेसंट या प्रशासकाने १६४८ मध्ये धुराडी तपासण्यासाठी चार निरीक्षक नेमले. अस्वच्छ धुराड्याबद्दल दंड होई व दंडाच्या रकमेतून बादल्या, शिड्या आणि आकड्या घेतल्या जात. बॉस्टनने १६७८-७९ मध्ये इंग्लंडहून एक हातबंब आणविला व तो चालविण्यासाठी मोबदला देऊन माणसे नेमली. म्हणजे स्वयंसेवी कंपनीच्या आधी पगारी कंपनीचा प्रयोग झाला होता. परंतु त्याचे अनुकरण दीर्घकाळ झाले नाही.

स्वयंसेवी कंपनीला निश्चित रूप फिलाडेल्फियामध्ये मिळाले. बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–९०) याने आपल्या वृत्तपत्रातून आगीपासून घ्यावयाच्या काळजीची चर्चा केली आणि ७ डिसेंबर १७३६ रोजी ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन झाली. सभासदसंख्या तीसपर्यंत मर्यादित होती. प्रत्येकाने कातडी बादल्या, मजबूत पिशव्या व टोपल्या नेहमी सज्ज ठेवावयाच्या असत. बादल्या पाणी वाहण्यासाठी, तर पिशव्या व टोपल्या जळत्या घरातील चीजवस्तू बाहेर काढण्यासाठी होत्या. महिन्यातून एकदा सभा भरे आणि गैरहजर राहणाऱ्यास दंड होई. आणखी लोक सभासद होऊ पाहू लागले तेव्हा त्यांना वेगळी कंपनी काढण्याचा सल्ला देण्यात आला आणि अशा रीतीने शहरात कंपन्यांची संख्या वाढत गेली. पुढे दंडाच्या पैशांतून बंब व शिड्या खरेदी झाल्या, असे फ्रँक्लिनने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. याच मंडळींच्या प्रयत्नांतून १७५२ मध्ये तेथे परस्पर-साहाय्याच्या तत्त्वावरील अग्निविमा संस्थाही निघाली. यापूर्वी बॉस्टनमध्ये १७१७ साली स्थापन झालेल्या मंडळात सभासद केवळ एकमेकांची मालमत्ता वाचवीत. आग कोणाचीही असली, तरी ती सर्वांची मानण्याची कल्पना फिलाडेल्फियात रूढ झाली.

राज्यसत्तेनेही या सेवेला उत्तेजन दिले. न्यूयॉर्क वसाहतीच्या १७३७ च्या कायद्याने अग्निशामकांना ज्यूरीचे काम, लष्करी हजेरी व गावच्या शिपायाची पाळी यांतून सूट दिली. मोबदला न देता मान व सवलत देण्याचे हे धोरण पुढेही चालू राहिले.

अठराव्या शतकातील बंब म्हणजे चाकांवर बसविलेली लाकडी टाकी व तिच्यावरील दट्ट्यांचा पंप होय. दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांवर माणसांच्या रांगा उभ्या राहून आळीपाळीने दांडे खाली दाबीत. काम इतके कष्टाचे असे, की काही मिनिटांतच माणसे बदलावी लागत. टाकीत पाणी भरण्यासाठी विहिरीपासून किंवा नदीपासून बादल्यांची साखळी लावीत. १८०० नंतर फिलाडेल्फियात नळांद्वारे पाणी आले, १८०३ पासून स्वतंत्र होज कंपन्या निघाल्या आणि थोड्याच वर्षांत तांब्याच्या रिव्हिटांनी सांधलेली कातडी नळी प्रचारात आली. तिच्यामुळे बादल्यांची साखळी मागे पडली आणि दूरच्या उगमापासून एका बंबातून दुसऱ्या बंबात असे पाणी पुढे ढकलता येऊ लागले. मागच्या बंबाने पुरविलेले पाणी पुढच्या बंबाला वेळेत उपसता आले नाही, तर त्याची टाकी ओसंडून वाहे. हा त्या कंपनीचा जाहीर पराभव समजला जाई. न्यू इंग्लंडमधील काही नगरांत जुने हातबंब घेऊन अशा चढाओढीचे सामने पुढेही होत राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या शहरांतील कंपन्यांचे स्वरूप पालटले. प्रतिष्ठित व्यापाऱ्यांच्या जागी कारागीर व कामगार तरुण आले. कंपन्या वस्ती, वंश व धर्म यांनुसार विभागल्या जाऊ लागल्या. आगीकडे आधी कोण पोहोचतो यावर शर्यती लागत आणि रस्त्यात मारामाऱ्या होत. न्यूयॉर्कमध्ये कंपनीचा एखादा दांडगा सभासद पुढे धावून हायड्रंटवर पिंप उपडे घालून त्यावर ठाण मांडी. आपला बंब येईपर्यंत इतरांना पाणी न मिळू देणे, हे त्याचे काम. विल्यम ट्वीड हा न्यूयॉर्कचा कुप्रसिद्ध राजकीय पुढारी अमेरिकस इंजिन कंपनी क्र. ६ या कंपनीचा प्रमुख म्हणूनच प्रथम नावारूपाला आला. ट्रेजनचे म्हणणे येथे खरे ठरले.

याहून गंभीर उदाहरणे फिलाडेल्फियात घडली. तेथील स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी १८१८ मध्ये आपली अग्निशामक संस्था काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा श्वेतवर्णीय कंपन्यांच्या विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला. १७ मे १८३८ रोजी गुलामगिरीविरोधकांनी नुकतेच उभारलेले पेनसिल्व्हेनिया हॉल हे सभागृह जमावाने पेटविले. अग्निशामक कंपन्या आल्या, परंतु त्यांनी आजूबाजूच्या इमारती ओल्या ठेवून त्या वाचविल्या. सभागृह जळू दिले. स्वयंसेवी कंपनीला समाजाचे सर्व गुण लाभतात, तसे त्याचे दोषही लाभतात. तिच्या सदस्यांनी शेजारी कोणाला मानावे, हे नियमपुस्तिकेने ठरत नाही.

या अव्यवस्थेवर उपाय म्हणून आणि विमाकंपन्यांच्या आग्रहामुळे पगारी दलांची मागणी वाढली. वाफेच्या बंबाने ती पुरी करणे शक्य केले. सिनसिनॅटीत लॅटा याने बनविलेला वाफबंब यशस्वी ठरला आणि १ एप्रिल १८५३ रोजी त्या शहराचे पूर्णतः पगारी दल कार्यान्वित झाले. हातबंबाला पन्नास-साठ माणसे लागत. वाफेच्या बंबाला घोडे, एक यंत्रज्ञ व थोडे मदतनीस पुरत. यंत्राने माणसांची गरज कमी केली, तेव्हाच त्यांना पगार देणे शहरांना परवडले. जुन्या कंपन्यांनी प्रारंभी नव्या यंत्रांना कडवा विरोध केला तो यासाठीच. न्यूयॉर्कने १८६५ मध्ये व फिलाडेल्फियाने १८७१ मध्ये पगारी दलाची व्यवस्था स्वीकारली.

लहान नगरांत मात्र हे कारण लागू पडत नव्हते. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात महिन्याकाठी थोड्याच आगी लागत. त्यांसाठी रात्रंदिवस पगारी माणसे बसवून ठेवणे अशक्य होते. उलट लाकडी दुकानांची एक ओळ पेटली, तर साऱ्या बाजारपेठेची राख होई. त्यामुळे बाजारपेठ जळाल्यानंतरच्या महिन्यांत अनेक गावांत कंपन्यांची स्थापना झालेली दिसते. स्थापनेची प्रेरणा शेजारधर्माइतकीच विमाहप्त्यांचीही होती. कारण गावात बंब व पाणी असल्यास हप्ते उतरत. विसाव्या शतकात मोटारबंब आल्यावर कंपनीचे कार्यक्षेत्र गावाच्या वेशीबाहेर, आसपासच्या शेतवाड्यांपर्यंत वाढले.

संघटना : पेनसिल्व्हेनिया, मेरिलँड इ. राज्यांत कंपनी ही सामान्यतः नगरपालिकेचे खाते नसून स्वतंत्र, ना-नफा तत्त्वावर नोंदलेली संस्था असते. बंब, इमारत व जमीन तिच्या मालकीची असू शकते. नगरपालिका करार करून किंवा अनुदान देऊन तिची सेवा घेते. न्यूयॉर्क राज्यात अनेक ठिकाणी स्वतंत्र अग्निसंरक्षण जिल्हे असून त्यांच्या निवडून आलेल्या आयुक्तांना कर बसविण्याचा अधिकार असतो.

कंपनीत पदाधिकाऱ्यांच्या दोन फळ्या असतात. अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार हे संस्थेचा कारभार पाहतात. प्रमुख, कॅप्टन व लेफ्टनंट हे आगीच्या जागी हुकूम देतात. प्रमुखाची निवड पुष्कळ कंपन्यांत सभासदांच्या मतदानाने होते. नोकरीच्या ठिकाणी जो आपला हाताखालचा कारकून, तो आगीच्या जागी वरिष्ठ असतो, असे प्रसंग सर्रास घडतात आणि त्याचे कोणालाही नवल वाटत नाही. मतदानाने प्रमुख नेमण्याच्या पद्धतीवर लोकप्रियता म्हणजे पात्रता नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. म्हणून ठराविक वर्षांची सेवा व प्रशिक्षण या अटी घालण्याकडे कल वाढला. नव्या सभासदास उमेदवारीचा काळ काढावा लागतो. किशोरवयीनांसाठी कनिष्ठ सभासदत्व असते. त्यांना जळत्या इमारतीत प्रवेश नसतो, पण सामानाची निगा व नळ्या अंथरणे ही कामे ते शिकतात. एकाच घराण्यातील तीन-चार पिढ्या एका कंपनीत दिसतात, त्या या मार्गाने.

स्त्रियांचा सहभाग दीर्घकाळ महिला साहाय्यक मंडळापुरता मर्यादित राहिला. आगीच्या ठिकाणी गरम कॉफी व खाणे पोहोचविणे आणि वर्षभर निधी जमविणे, हे या मंडळांचे काम. न्यूयॉर्कच्या एका कंपनीचा बंब १८१८ च्या हिमवादळात ओढणारी मॉली विल्यम्स ही गुलाम स्त्री परंपरेने पहिली स्त्री अग्निशामक मानली जाते. परंतु प्रत्यक्ष सभासदत्व स्त्रियांना बहुतेक ठिकाणी १९७० नंतरच मिळू लागले. २०२० मध्ये स्वयंसेवकांत त्यांचे प्रमाण सु. एक-दशांश होते.

कार्यपद्धती : आगीची वर्दी पूर्वी चर्चच्या घंटेने किंवा लोखंडी रेल्वेरुळाच्या अथवा चाकाच्या धावेच्या तुकड्यावर हातोडा मारून दिली जाई. पुढे बंबघराच्या छपरावर भोंगा बसला. १९७० नंतर कमरेला लावण्याचे पेजर आले व नंतर भ्रमणध्वनी. संयुक्त संस्थानांत संकटकाळी फिरविण्याचा ९११ हा दूरध्वनी क्रमांक प्रथम अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहान नगरात १९६८ मध्ये सुरू झाला.

वर्दी मिळताच सभासद दुकान, शेत, कारखाना किंवा अंथरूण सोडून स्वतःच्या मोटारीने बंबघराकडे निघतात. बंब उभा असतो. त्याला माणसे मिळावयाची असतात. पगारी दलात ज्या वेळात बंब आगीपर्यंत पोहोचतो, तेवढा वेळ येथे बंब निघण्यापूर्वीच जातो. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागासाठी राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने २००१ मध्ये तयार केलेल्या मानकात किमान सहा माणसे चौदा मिनिटांत जमावीत व दहापैकी आठ वेळा तरी हे साधावे, अशी अपेक्षा ठेवली होती. ही मुदत वाजवी दिसते. परंतु घरातील सामान बदलल्याने तिचा अर्थ बदलला. अमेरिकेतील एका मान्यवर परीक्षण संस्थेने २००९ मध्ये दोन खोल्या सजवून पेटविल्या. लाकूड, कापूस अशा जुन्या पद्धतीच्या सामानाची खोली एकदम भडकून जाण्यास जवळपास अर्धा तास लागला. फोम व कृत्रिम धाग्यांच्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत भडकली.

पाण्याचा प्रश्न ग्रामीण भागात वेगळाच असतो. हायड्रंट नसल्याने पाणी सोबत न्यावे लागते. पहिला बंब आपल्या टाकीतील पाण्यावर काही मिनिटेच काम करू शकतो. तेवढ्यात टँकर येऊन रस्त्याच्या कडेला घडीच्या कापडी हौदात पाणी ओततो व पुन्हा भरून आणण्यास जातो; बंब त्या हौदातून पाणी खेचतो. तळ्याच्या काठी कायमची पाइप पुरून ठेवण्याची सोयही करतात. असे टँकर एका कंपनीकडे पुरेसे नसल्याने शेजारच्या पाच-सहा कंपन्यांना एकाच वेळी वर्दी दिली जाते. या परस्पर-साहाय्याच्या करारांवाचून ग्रामीण अग्निशमन चालूच शकणार नाही.

समाजजीवनातील स्थान : लहान नगरात बंबघर ही बहुधा सर्वांत मोठ्या दिवाणखान्याची इमारत असते. बंब ज्या भागात उभे राहतात त्याच्या शेजारी किंवा माडीवर एक प्रशस्त सभागृह व स्वयंपाकघर असते. तेथे विवाहाच्या मेजवान्या, अंत्यविधीनंतरची जेवणे, शाळांचे समारंभ होतात. निवडणुकीत तेच मतदानकेंद्र बनते आणि हिमवादळात किंवा पुरात तेच निवाराघर. सभागृहाच्या भाड्यातून उत्पन्न मिळते हे खरे; परंतु गावातील जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचा एखादा तरी प्रसंग त्या छपराखाली झालेला असतो, हा लाभ भाड्याहून मोठा होय.

निधी जमविण्याचे उपक्रमही असेच दुहेरी उपयोगाचे असतात. रविवारची पॅनकेकची न्याहारी, कोंबडी भाजण्याचा कार्यक्रम, लेंट या उपवासकाळातील शुक्रवारी तळलेल्या माशांचे जेवण, बिंगो, सोडती आणि उन्हाळ्यातील आठवडाभराची जत्रा यांतून पैसा उभा राहतो. पेनसिल्व्हेनियाने १९८८ मध्ये खास कायदा करून अशा संस्थांना मर्यादित स्वरूपाच्या सोडतींची परवानगी दिली. जत्रेच्या एका संध्याकाळी आसपासच्या कंपन्या आपापले चकचकीत बंब घेऊन मिरवणुकीत भाग घेतात. या उत्सवांना प्रौढीची व मद्यपानाची किनार होती, ही टीकाही नोंदविणे आवश्यक आहे. काही कंपन्या आग विझविणाऱ्यांपेक्षा गप्पांचा अड्डा म्हणूनच अधिक प्रसिद्ध होत्या. तथापि ज्या माणसांनी अंधारात, धुरात एकमेकांच्या भरवशावर शिरावयाचे, त्यांनी एरवी एकत्र बसणे हा वेळेचा अपव्यय मानता येणार नाही.

सेवाकार्यात मृत्यू आल्यास कुटुंबास साहाय्य देणाऱ्या १९७६ च्या संघराज्य कायद्यात पोलीस व पगारी अग्निशामक यांच्याबरोबर स्वयंसेवकांचाही समावेश करण्यात आला. वेतन नसले, तरी हे सार्वजनिक सेवकच होत, ही गोष्ट त्यामुळे कायद्याने मान्य केली. स्वयंसेवी कंपन्यांची राष्ट्रीय परिषदही त्याच वर्षी स्थापन झाली.

पेनसिल्व्हेनियातील शँक्सव्हिल हे सु. अडीचशे वस्तीचे खेडे. ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी अपहृत विमानांपैकी चौथे त्याच्या जवळच्या शेतात कोसळले, तेव्हा घटनास्थळी प्रथम पोहोचणाऱ्यांत तेथील स्वयंसेवी कंपनी होती. वाचविण्यासारखे कोणी उरले नव्हते. विझविण्यासारख्या लहान आगी होत्या. न्यूयॉर्कच्या अग्निशामकांनी २००८ मध्ये जागतिक व्यापार केंद्राच्या अवशेषांतील पोलादाचा क्रूस या कंपनीला भेट दिला. तो तिच्या बंबघरासमोर उभारण्यात आला.

टेक्सस राज्यातील वेस्ट या सु. २,८०० वस्तीच्या नगरातील घटना अधिक बोधप्रद आहे. १७ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी तेथील खतांच्या कोठाराला आग लागली. स्वयंसेवक नेहमीप्रमाणे तत्परतेने पोहोचले. वर्दीनंतर सु. वीस मिनिटांत कोठारातील सु. तीस टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी बारा जण मदतीसाठी गेलेले होते. संघराज्याच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत असे दिसून आले, की या द्रव्याच्या स्फोटाच्या धोक्याचे पुरेसे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते व राज्यात स्वयंसेवकांसाठी किमान प्रशिक्षणाची सक्तीही नव्हती. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरील दारूगोळ्याच्या स्फोटात अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले; ते दल पगारी होते. तेव्हा असा मृत्यू स्वयंसेवकाच्याच वाट्याला येतो असे नाही. परंतु धोक्याची माहिती मिळविण्याची साधने लहान गावाकडे कमी असतात, हे वेस्टच्या घटनेतून स्पष्ट झाले.

ऱ्हास व त्याची कारणे : संयुक्त संस्थानांत १९८४ मध्ये सु. ८ लक्ष ९८ हजार स्वयंसेवक होते. २०२० पर्यंत त्यांत दोन लक्षांहून अधिक घट झाली. याच सुमारास वर्द्यांची संख्या मात्र १९८० मधील सु. १ कोटी ८ लक्षांवरून २०२० मध्ये सु. ३ कोटी ६४ लक्षांवर गेली (हे आकडे पगारी दलांसह सर्व दलांचे आहेत). वाढ आगींची नव्हे. आगी पुष्कळ कमी झाल्या. वाढ मुख्यतः आजारी व अपघातग्रस्त माणसांना मदत करण्याच्या वर्द्यांची आहे. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने नेमलेल्या आयोगाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार त्या राज्यातील स्वयंसेवकांची संख्या १९७० नंतरच्या दशकातील सु. तीन लक्षांवरून सु. ३८ हजारांवर आली होती.

हा ऱ्हास परोपकारबुद्धी आटल्याने झाला, असे म्हणणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. पूर्वी गावातील खाण, गिरणी वा दुकान यांत काम करणारा माणूस भोंगा वाजताच निघू शके व मालकाचीही त्याला संमती असे. ते उद्योग बंद पडले किंवा दूर गेले. सभासद पन्नास-साठ किलोमीटरांवरील नोकरीस जाऊ लागला. त्यामुळे कामाच्या दिवशी दुपारी गावात वृद्ध व मुलेच उरतात. घरातील दोघेही मिळवते झाल्याने संध्याकाळचा मोकळा वेळ गेला. त्याच वेळी प्रशिक्षणाची अपेक्षा वाढली; प्राथमिक प्रमाणपत्रासाठीच अनेक राज्यांत शंभराहून अधिक तास द्यावे लागतात. ही अपेक्षा अवाजवी आहे असे वेस्टच्या दुर्घटनेनंतर म्हणता येत नाही. परंतु तिच्यामुळेच अनेक जण दाराशी थबकतात. नव्या बंबाची किंमत पाच लक्ष डॉलरच्या वर गेल्याने उरलेल्या सभासदांचे बरेच श्रम आगीऐवजी पॅनकेक तळण्यात खर्च होतात.

यावर निरनिराळे उपाय योजिले गेले. संघराज्याने २००० पासून साधनांसाठी व नंतर मनुष्यबळ भरतीसाठी अनुदाने सुरू केली. काही राज्यांनी करसवलती, दीर्घ सेवेबद्दल निवृत्तिवेतनसदृश लाभ किंवा शिक्षणशुल्कात सूट दिली. शेजारच्या कंपन्यांचे एकत्रीकरण हा सर्वांत परिणामकारक व सर्वांत अप्रिय उपाय होय. कारण एकत्रीकरणात एखाद्या गावाचे बंबघर बंद होते. दिवसा थोडे पगारी कर्मचारी व रात्री स्वयंसेवक अशी मिश्र व्यवस्थाही वाढली. स्वयंसेवकांची बचत मोठी असते. त्यांच्या जागी पगारी माणसे नेमणे अनेक लहान नगरांच्या करांतून शक्य नाही. त्यामुळे कंपनी बंद पडल्यास तिची जागा बहुधा पगारी दल घेत नाही. अधिक दूरची दुसरी स्वयंसेवी कंपनी घेते.

इतर देश : जर्मनीत स्वयंसेवी दलांची परंपरा माइसेन (१८४१) व डुर्लाख (१८४६) येथून सुरू झाली. कार्ल्सरूअ येथील दरबारी नाट्यगृहाच्या १८४७ मधील आगीत डुर्लाखच्या शिस्तबद्ध पथकाने केलेल्या कामामुळे तिचा झपाट्याने प्रसार झाला. त्या देशात सु. दहा लक्ष स्वयंसेवक असून पगारी दले मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. चिलीमध्ये राजधानीसह सर्वत्र अग्निशामक स्वयंसेवकच असतात. व्हॅल्परायझो येथे १८५१ मध्ये पहिल्या कंपन्या निघाल्या व सँटिआगोत ८ डिसेंबर १८६३ रोजी चर्चला लागलेल्या आगीत सु. दोन हजार माणसे मृत्यू पावल्यानंतर त्याच महिन्यात दल स्थापन झाले. जपानमधील ‘शोबोदान’ या स्थानिक पथकांची सभासदसंख्या १९५० नंतरच्या दशकात वीस लक्षांच्या घरात होती. २०२२ मध्ये ती आठ लक्षांच्या खाली आली. तेथील कारणेही पेनसिल्व्हेनियातील कारणांहून फारशी वेगळी नाहीत.

भारतात या प्रकारच्या कंपन्या रुजल्या नाहीत. मुंबईत अग्निशमनाचे काम प्रथम पोलिसांकडे होते. १८८७ मध्ये ते नगरपालिकेकडे आले आणि पगारी नगरपालिका दल हाच नमुना इतर शहरांनी स्वीकारला. संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत अंतर्भूत आहे. स्वयंसेवेचा धागा भारतात दुसरीकडे सापडतो : मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने गृहरक्षक दल निघाले आणि १९६८ च्या कायद्याने नागरी संरक्षण संघटनेला वैधानिक आधार मिळाला. या दोन्ही संघटनांतील स्वयंसेवकांना आग विझविण्याचे प्राथमिक शिक्षण दिले जाते. मात्र त्यांना आज्ञा शासनाकडून मिळते. बंब, इमारत व प्रमुखाची निवड गावाच्या हाती नसते. खेड्यात आग लागल्यास तालुक्याच्या ठिकाणचा बंब येईपर्यंत विहिरीवरून घागरी व बादल्या घेऊन धावणारे शेजारी हेच तेथील पहिले पथक असते; त्याला सभासदांची यादी नसते व हातबंबही नसतो.